दुधातलं मला कोण शिकवणार

३ मार्च, सकाळ
चिरंजीव आणि सूनबाई ऑफिसला गेले. दार आपोआप बंद झालं. खिडक्या उघडतच नाहीत. फ्लॅट उत्तम आहे, फक्त त्यात बरणीतल्या लोणच्यासारखं मुरत बसायचं. परतीचं तिकीट महिनाअखेरचं. काल चिरंजीवाने विचारलं की अजून सहा महिने राहता का. आज संध्याकाळी स्वच्छ नाही म्हणून सांगणार. परक्या देशात किती दिवस काढायचे? शिवाय तिकडे हिचं माझ्यावाचून पदोपदी अडतं.

रात्री
सांगायचं राहिलं. सूनबाई दमून आली होती.

५ मार्च
खालच्या दुकानात एकटा गेलो. दुधाची अख्खी भिंत. लाल झाकण, निळं झाकण, हिरवं झाकण. सूनबाईने निळं आणायला बजावलं होतं. पण मी सरकारी दूध योजनेत उभा जन्म काढलेला माणूस. आस्थापना विभागात होतो, पण दूध योजनाच ना ती! दुधातलं मला कोण शिकवणार? सगळ्यात घट्ट बघून हिरवं आणलं. चहात घातलं, चहा नासला. ते ताक निघालं.

सूनबाईला म्हटलं, मुद्दामच आणलं, पनीर करून बघत होतो. तिला फार कौतुक वाटलं. ते चहाच्या वासाचं पनीर तिने पराठ्यात भरून मलाच वाढलं. छान झालेत म्हणालो, वर आणखी एक मागून घेतला. यापुढे हिरवं झाकण बंद.

६ मार्च
सूनबाईने खास माझ्यासाठी हिरव्या झाकणाचे आणखी दोन डबे आणले.

१० मार्च
काल घरी दही लावलं. विरजण म्हणून दुकानातल्या दह्याचा अख्खा डबा घातला. आज त्याची कढी केली. उकळी फुटली तसा घरभर व्हॅनिलाचा वास. डब्यावरची बारीक अक्षरं चष्म्याशिवाय कोण वाचतं? चिरंजीवाने एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली. मी म्हटलं, जागा बदलली की जीभही बदलावी लागते. सिद्ध करायला त्याचीही वाटी संपवली. तो सूनबाईला म्हणाला, बाबा किती पटकन रुळले बघ. अशा वेळी तिकिटाचा विषय काढणं बरं दिसलं नसतं.

१४ मार्च
लाल सालीचं चीज सालीसकट खाल्लं. चिरंजीव घाईघाईने म्हणाला की ती साल नाही, मेण आहे. म्हटलं, माहीत आहे, पोटाला चांगलं असतं.

हिचा फोन. चीज, पनीर, कढी सगळं रंगवून सांगितलं. करमतंय ना म्हणून विचारलं तिने. न करमायला काय झालं, म्हणालो. ती ओळखेलच. इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझा आवाज कळत नाही असं थोडंच आहे? ती चिरंजीवाला सांगेल, म्हणजे मला बोलायलाच नको.

२१ मार्च, रात्री
दुपारी दूध घेऊन वर आलो तर किल्ली आत, दोघंही बाहेर गेलेली. संध्याकाळपर्यंत जिन्यात बसणं आलं. एका अर्थी बरंच झालं, विचाराला निवांतपणा मिळाला. उद्या रविवार, दोघंही घरी. नाश्त्याला बोलून टाकायचं. वाक्य पाठ केलं: मला घरी जायचंय. मोठ्याने म्हणून पाहिलं. जिन्यात आवाज चांगला घुमतो. एकदा मध्येच कुणीतरी दार उघडलं, तेव्हा खोकल्याचं नाटक केलं.

२२ मार्च, रविवार
मी तोंड उघडणार तोच चिरंजीवाने सांगितलं की तिकीट सहा महिने पुढे ढकललंय. मला सरप्राइज म्हणून. म्हटलं, अरे, तुझी आई तिकडे एकटी. तर तो म्हणाला, आईला आधी विचारलं. तीच म्हणाली, रोज फोनवर नवीन काहीतरी खाल्ल्याचं सांगतात, आवाज किती खुशीत असतो, राहू दे त्यांना. 

मग त्याने व्हिडिओ कॉल लावला. ही स्क्रीनच्या फार जवळ बसली होती, नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. डोळे थोडे सुजलेले वाटले. तिने विचारलं, "तुम्हाला खरंच राहायचंय ना?"

दोघंही माझ्याकडे बघत होती. सूनबाईने टोस्टला लोणी लावून माझ्यापुढे ठेवलं होतं. मी एक घास घेतला.

"इथलं लोणी फार छान आहे," मी म्हणालो.

बरं, म्हणाली ती.