हाव म्हणेपर्यंत चहा नाही

सर, काल आमच्या कॉलेजात मुलांचं नाटक झालं आणि मला सगळ्यात आधी आठवला तो तालमीतला चहा. लातूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत किटली दाराशी झाकून ठेवलेली असायची आणि तुमचा नियम ठरलेला. ज्याचं जे मत, त्याच्या बरोबर उलट बाजूची भूमिका त्याच्या वाट्याला. ज्याची बाजू मांडली जातेय त्यानं समोर सतरंजीवर बसायचं, आणि त्यानं "हाव, असंच हाय" असा होकार दिल्याशिवाय किटलीला हात लावायचा नाही. आमचं नाटक पाण्यावर होतं. धरणाचं पाणी शेतीला सोडायचं की शहराला राखून ठेवायचं, यावरून तेव्हा घराघरात भांडणं. मी कालव्याकाठच्या गावातली, म्हणून तुम्ही मला शहरातली बाई करायला लावलीत. मी ती मान वेळावत, तोंड वेंगाडत केली. सगळे खो खो हसले. समोर बसलेली माझी मैत्रीण, टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीतली, तेवढी हसली नाही. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "हसवलंस लई. पण ती बाई कुठं राहिली गं?" आणि दुसऱ्या दिवशी मला घागर देऊन तिच्या गल्लीत रांगेला उभं केलंत. मी दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी तिची आई भाजी धुतलेल्या पाण्यानं भांडी विसळताना दिसली, तेव्हा कुठे माझं तोंड सरळ झालं.

आता मी नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला शिकवते. यंदा मुलांनी आपणहून विषय काढला, आरक्षणाचा. प्राचार्य म्हणाले, मॅडम, स्वच्छतेवर बसवा, कशाला विषाची परीक्षा? त्यांचं अगदीच चूक नव्हतं. या विषयानं वर्गाचे दोन ग्रुप झालेत, चहाच्या टपऱ्यासुद्धा वाटून घेतल्यात पोरांनी. माझ्याच नाटकातल्या दोन मुली, एक उमरीकडची, मराठा शेतकऱ्याच्या घरातली, दुसरी औशाची, ओबीसी. वसतिगृहात एकाच खोलीत राहतात, पूर्वी एका ताटात जेवायच्या. आंदोलन पेटल्यापासून बोलणं बंद. औशाच्या मुलीनं खोली बदलून मागितली होती, नाटक झालं की ती जाणार होती. मला नाटकापेक्षा त्या खोलीचीच काळजी जास्त लागून राहिली.

तुमचीच रीत लावली. उमरीकडची औशाच्या मुलीचे वडील करायची. पण ती नुसत्या घोषणा द्यायची, मुठी आपटायची, आणि सतरंजीवरची तोंड शिवल्यासारखी बसायची. रोज तेच. ना हाव, ना चहा. प्राचार्य दारातून डोकावून जायचे. एका संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे इतके पडले होते की चहा ओतला गेला. उमरीकडचीनं एक कप बाजूला सारला आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "तिला बिनसाखरेचा लागतो." औशाच्या मुलीनं तो कप हातात घेतला, एक घोट घेतला. मग बोलली.

"माझे पप्पा असं वरडत न्हाईत गं. बातम्या लागल्या की टीव्हीचा आवाज कमी करतात आन् गप बसून राहतात. त्यांना भ्याव वाटतंय, माझ्या टायमाला काय उरंल."

उमरीकडचीनं पुन्हा उठून सुरुवात केली. हातानंच टीव्हीचा आवाज कमी केला, खाली बसली, आणि गप राहिली. सर, इतकी चांगली शांतता मी कुठल्याच रंगमंचावर ऐकलेली नाही. सतरंजीवरून हळूच "हाव" आलं. मग औशाच्या मुलीनं दुसरीचा भाऊ केला, भरतीत थोडक्यात हुकल्यापासून घरच्यांसोबत जेवायला न बसणारा. त्या वेळचं हाव रडतच आलं. मीही रडले, लपवलं नाही.

काल प्रयोगात एक काका मधेच उठले, एकाच बाजूचं दाखवू नका म्हणून तावातावानं बोलायला लागले. मुलींनी त्यांना पुढं बोलावून सतरंजीवर बसवलं. त्यांची बाजू त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली आणि खाली बघत म्हणाले, "हाव, हे आमचंच हाय." त्यानंतर ते उठून जातील असं वाटलं होतं, पण ते पुढची बाजूही ऐकत बसले. प्रश्न सुटला का, तर नाही, एका नाटकानं कसा सुटणार? पण खोली बदलायचं आता कुणी बोलत नाही, आणि प्राचार्यांनी पुढच्या वर्षीचा विषय विचारलाय.

हे पत्र नाटकाच्या पेटीत दाढीमिश्यांच्या खाली ठेवणार आहे, तुम्ही गेल्यावर दुसरीकडं कुठं धाडणार? एक तेवढं सांगून टाकते. त्या संध्याकाळी चहा आपोआप ओतला गेला नाही, मीच ओतला. तेव्हापासून आमच्याकडं चहा आधी येतो. मुलांना वाटतं, ही रीतही तुमचीच. मी त्यांना तसंच सांगितलंय.