तुझ्या हॉटेलात मी जेवून गेले

प्रिय बडबडे,

आठ महिने माझा फोन नाही आणि आता एकदम पत्र, दचकली असशील. फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस, म्हणून लिहितेय.

मागच्या महिन्यात मी तुझ्या नव्या इटालियन हॉटेलात जेवून गेले. ह्यांना बरोबर नेलं होतं. मुद्दाम कोपऱ्यातलं टेबल मागितलं, तुला दिसू नये म्हणून. ह्यांनी मेनूकार्डावरचे आकडे वाचले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचले. पास्ता आत कच्चट, सॉस कोमट आणि आंबट, आणि परातीएवढ्या ताटात एवढासा, की हे म्हणाले, "हा नमुना असेल, जेवण मागून येईल." खरं सांगू? प्रत्येक घासाला मला बरं वाटत होतं. माझ्याशिवाय तुझं अडतंय, हे जिभेला कळत होतं.

कारखान्याच्या कँटीनमध्ये आपण अकरा वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलो. तू रांधायचीस, मी चाखायची. डावातला थेंब माझ्या तळहातावर टाकून तू माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस. मी मान हलवल्याशिवाय पातेलं खाली उतरायचं नाही. हॉटेल काढायचं ठरवलंस तेव्हा बरोबर येतेस का, असं मला विचारलंस, ते नाकारत नाही. मीच म्हणाले, "हे नसते उद्योग मला नकोत." पण तू आणखी एकदा विचारशील, असं वाटलं होतं गं.

त्या संध्याकाळी काचेपलीकडे तुमचं स्वयंपाकघर दिसत होतं. तू होतीस आणि तुझी ती नवी, टोपीच्या कडेनं कुरळे केस दिसणारी. तू तिच्या तळहातावर थेंब टाकलास. तिनं चाटून असं काही तोंड केलं, की हसता हसता तुला ओट्याचा आधार घ्यावा लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ह्यांनी विचारलं, "तिखट लागलं का?" त्या सॉसमध्ये तिखट कुठलं!

घरी येऊन मी तुझ्या हॉटेलाच्या इंटरनेटवरच्या पानावर खोट्या नावानं अभिप्राय लिहिला. पास्ता कच्चा, सॉस कोमट. इथवर सगळं खरं होतं, तिथंच थांबायचं होतं. पण पुढं लिहिलं, "सॉसमध्ये लांब, कुरळा केस निघाला."

केस निघाला नव्हता, बडबडे.

काल भाजीवाल्या मावशी भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीनं त्या कुरळीला काढलं की हो. बिचारी रडत होती, टोपी एकदाही काढली नाही म्हणत होती." मी भाजी तिथंच ठेवून घरी आले.

अभिप्राय आज सकाळी पुसून टाकला, पण त्यानं तिचं काम परत मिळत नाही. हे पत्र तिला वाचून दाखव आणि तिला बोलावून घे. तू म्हणशील तेव्हा येऊन, तिच्यासमोर उभी राहून माफी मागेन. मला मात्र ओट्याशी घेऊ नकोस, मी गळ घातली तरी. कारण मावशींचं ऐकल्यावर तिची कीव नंतर आली. आधी मनात आलं, जागा रिकामी झाली.

तुझीच,
घुमी