एकच ताट, चार फोटो

मुलींचं वसतिगृह, कॉन्स्टँटिन, मंगळवार

यम्मा, माझी आई, तुझ्या कपाळाचा मुका.

मी बरी आहे. फोन मीच बंद ठेवलाय, म्हणून पत्र. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझ्या खोलीतली मैत्रीण वसीला काल वर्गात कोसळली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर पोरीनं धड खाल्लेलंच नाही. शुक्रवारीच तिनं कुसकुसच्या ताटासोबत हसरा फोटो टाकला होता. खाली तिच्या आईनं लिहिलं होतं, 'पोटभर खा गं.'

शुद्धीवर येताच तिनं विचारलं, "कुणी माझा व्हिडिओ टाकला नाही ना?"

खोलीत आम्ही चौघी. ताट एकच, फोटो चौघींचे. लाइक मोजेपर्यंत ते गार होतं, मग कुणीच खात नाही.

तू शेजारणींना दाखवतेस, त्या माझ्या फोटोतही तेच ताट आहे.

गुरुवारी घरी येते. मला वाढ, आणि मी खाईपर्यंत समोरून उठू नकोस.

तुझी सिहाम