पाचव्या नंबरची मिरवणूक

पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन
२१ डिसेंबर १९९३

राजमान्य राजेश्री बद्रीनाथदादा यांस,
रखमाजीचा रामराम. इकडं आम्ही सगळे खुशाल. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का? तुमची बहीण विचारती, मेथीचे लाडू खाऊन राह्यले की गिऱ्हाइकाला वाटून राह्यले? वहिनीला नमस्कार.

दादा, शनिवारी ग्रामपंचायतीच्या फोनवरून मी "तुमची भाची जिल्ह्यात पहिली आली" असं ओरडलो, ते रद्द समजा. पण हे पत्र मी मान खाली घालून लिहीत न्हाई, हे आधी ध्यानात घ्या.

झालं असं. आपल्या गावात देवीच्या कृपेनं गल्लोगल्ली रेणुका. शाळेतून जालन्याला खेळायला सोळा पोरी गेल्त्या, त्यात चार रेणुका. सरांनी वैतागून एकीला गोळा रेणुका केली, एकीला लांबउडी रेणुका. राह्यल्या दोघी. त्या दोघी पंधराशे मीटर पळणाऱ्या आन् दोघी गायकवाड. एक आपली, आन् एक रामकिसन गायकवाडाची. (रामकिसन म्हणजे वेशीच्या खालच्या अंगाला, बुद्धविहाराजवळ राहतो तो. आपल्याकडं सालानं गडी आहे. बैल माझं ऐकत न्हाईत, त्याचं ऐकतात.) शनिवारी सकाळच्या एसटीनं पेपर आला. त्यात छापलेलं, पंधराशे मीटर, प्रथम, रेणुका र. गायकवाड, पिंपळगाव. आता तुम्हीच सांगा, 'र' म्हणजे रखमाजी न्हाई तर कोण? रामकिसनाचा बी 'र'च असतो, हे मला त्या टायमाला बिलकुल सुचलं न्हाई. माणसाला आपलं नाव तेवढं बराबर वाचता येतं.

मंग काय! वाजंत्री सांगितली. पेढे आणले. गाडी धुतली, बैलांना झुली घातल्या. हे सगळं कोणी केलं? रामकिसनानं. त्याला वाचता येत न्हाई. "मालक, आपल्या रेणुकाताईनं नाव काढलं," म्हणून त्यानं मला खांद्यावर उचलायचंच बाकी ठेवलं.

संध्याकाळी एसटी आली. सर मागच्या दारात सामानाच्या भानगडीत अडकलेले. (कंडक्टर लोखंडी गोळा बघून हुज्जत घालून राह्यला होता.) आपली रेणुका उतरली तशी आम्ही तिला उचलून थेट गाडीत बसवली, गुलाल टाकला. पोरगी हात हलवून ओरडून राह्यली, "अप्पा, मी न्हाई! मी न्हाई!" ताशाच्या आवाजात मला वाटलं, आंघोळ राह्यलीय म्हणते. मी म्हणलं, "घरी गेल्यावर न्हाशील, आधी देवीला चल!"

देवळापुढं सरपंचांनी माईकवर सत्काराचं भाषण सुरू केलं. 'या मातीनं' इथपर्यंत आले असतील. तेवढ्यात रेणुकानं गाडीतून खाली उडी मारली आन् त्यांच्या हातातला माईक काढून घेतला. म्हणली, "पहिली मी आले न्हाई. मी पाचवी आले. पहिली रामकिसनकाकाची रेणुका आली. शेवटच्या फेरीत मला तिची नुसती वेणी दिसत होती. ती बघा तिकडं उभी."

सगळे वळले. ती पोरगी पिशवी डोक्यावर घेऊन पिंपळाखाली उभी राहून टाळ्या वाजवत होती! पदक रुमालात बांधून कमरेला खोचलेलं. आन् रामकिसन गाडीच्या जुवाजवळ, तोंडाला गुलाल, हातात कासरा, दगडासारखा.

खोटं कशाला बोलू, दादा? आधी मला संताप आला. वाटलं, दोन मिनिटं गप्प राह्यली असती तर बापाची अब्रू राह्यली असती. मंग त्या माईकजवळ उभ्या पोरीकडं बघितलं. माईक काही सोडत नव्हती. दादा, पाचशे माणसांसमोर खरं बोलायला मला या वयात बी जमणार न्हाई.

मी रामकिसनाच्या हातातून कासरा घेतला. म्हणलं, "तुझ्या रेणुकाला बसव गाडीत. आज गाडी मी हाकतो." तो म्हणला, "मालक, बैल तुमचं ऐकायचे न्हाईत." आन् मंग रडायला लागला. त्या पोरीनं गाडीत चढताच आपल्या रेणुकाचा हात धरून तिला बी वर ओढली.

खालच्या अंगाला वाजंत्री आजवर जयंतीलाच वाजली होती. तिकडं वळलो तशी आपल्यातली निम्मी माणसं पांगली. सरपंचांना तर एकाएकी थंडी भरली. पण तुमची बहीण आली! आधी मला म्हणली, "पेढे वाटून बसले, पेपर तरी नीट वाचायचा!" आन् मंग स्वतः ताट घेऊन पुढं झाली. रामकिसनाच्या दारात दोघींना ओवाळलं. त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, चहा केला. मी आन् तुमच्या बहिणीनं तो ओट्यावर बसून घेतला. वीस वर्षं तो माणूस माझ्या घरी राबतो, आन् त्याच्या ओट्यावर मी पहिल्यांदा टेकलो. चहा गोड होता.

तर अशी तुमची भाची जिल्ह्यात पाचवी. ज्याला सांगायचं त्याला छाती काढून सांगा.

आपला,
रखमाजी गायकवाड

ता. क. : जानेवारीत विभागाच्या स्पर्धा औरंगाबादला आहेत. रामकिसनाची रेणुका जिल्ह्याकडून पळणार, आन् सरावाला जोडीदार म्हणून सर आपलीला बी नेतायत. दोघी अनवाणी पळतात. जालन्यातल्या तुमच्या मस्तगडच्या दुकानातून पळायचे बूट दोन जोड बघून ठेवा. दोन्ही सारखेच घ्या.

ता. क. दुसरा : जाताना दोघी एक रात्र तुमच्याकडं मुक्कामाला राहतील. एका पंगतीत जेवतील, वहिनीच्या स्वयंपाकघरात. वहिनीला अडचण असंल तर जल्दी कळवा, राग न्हाई. मंग दोघी एसटी स्टँडवर झोपतील, आन् त्यांच्यासोबत मी आन् तुमची बहीण.