उतारावरचा पिवळा माका

बेळगाव, १४ जून १९३४
सूनबाई आज परसात आली. बाळ गेल्यापासून खोलीबाहेर पडली नव्हती. बोलतही नव्हती.
तिचा भाऊ जांबोटीहून आला. पिशवीत ओल्या फडक्यात वेली. "आप्पा, ह्यो पिवळा माका. आमच्या वढ्याकाठचा. आक्काला लई आवडायचा." तिनं फडकं हातात घेतलं. एवढंच. पण घेतलं.

१९ जून
विहिरीमागच्या उतारावर लावतेय. माती वाहून जाते तिथली. खुरपं मीच नेऊन दिलं.
मुलगा सदू लोंढ्यालाच. रेल्वेत रजा न्हाय म्हणे. चिरंजीवांना यायचंच नसावं.

८ जुलै
धो धो. सूनबाई तशीच उताराकडं धावली. मी दारातून ओरडलो, "भिजशील गं!"
"मुळं उघडी पडली, मामंजी!"
आवाज ऐकला तिचा. देवापुढं निरांजन लावलं. 

२ ऑगस्ट
पहिलं फूल. पिवळंधमक, बटणाएवढं. वेल टेकेल तिथं मूळ धरते. माती थांबली. मला दाखवायला बोलावलंन.

२१ ऑगस्ट
सदलग्याहून माझी थोरली बहीण, आक्का आली. सून वाढतेय आणि ही म्हणते, "सदूचं दुसरं लगीन बघाय पायजे रं. पोरगी हाय नजरेत."
पळी थांबली. मी ताटावरून उठलो. "आक्का, ही ह्या घरची लेक हाय. पुन्हा हा विषय न्हाय."
जन्मात पहिल्यांदा उलटून बोललो तिला. रागानं गेली. जाऊ दे.

२२ ऑगस्ट
सकाळी सून उतारावर, फांद्या रोवत. "मामंजी, चहा ठेवू?"
आज सदूची आई असती तर... असो. देवानं लेक दिली नव्हती. दिली.

९ सप्टें.
सदू आला. आक्कानं त्यालाही दुसऱ्या लग्नाचा निरोप धाडलेला. तो "बघू" म्हणाला होता. मान खाली घालून सांगितलंन.
संध्याकाळी दोघं परसात. तिचं ऐकू आलं, "बाळाला तुम्ही एकट्यानं नेलंत. मला शेवटचं बघूपण दिलं न्हाय."
 मग सदू, "तुला बघवलं नसतं. मलाच बघवलं न्हाय."
मी विहिरीवरून घागर न भरताच परतलो.

११ सप्टें.
सदू सकाळच्या गाडीनं गेला. निघताना मला म्हणतो, "लोंढ्याला येते का, विचारा तिला." म्हटलं, "तूच विचार." पुन्हा आत गेला. काय बोलणं झालं, माहीत न्हाय. गाडी चुकता चुकता मिळाली म्हणे.
उतार सगळा पिवळा. सूनबाई माझ्या डोक्यासाठी माक्याचं तेल कढवतेय. जाईल, राहील, तिचं ती ठरवील. मी विचारणार न्हाय. आज दुपारी कढवताना ती काहीतरी गुणगुणत होती.