बारा तारखेचं आकाश

१२ मे
डोकं फुटायची वेळ आली होती. गोळी घेतली, खिडक्या-पडदे लावून दोनला झोपले ती साडेपाचला उठले. गच्चीवर जाते तर काय — दोन कुंड्या फुटलेल्या, चित्राचा इझल पालथा, दोरीवरचा टॉवेल गायब! आकाश मात्र निरभ्र. हे काम खालच्या टर्पेंटाइनबाईचंच. माझ्या रंगांतल्या टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून महिनाभर भांडतेय.

‘रोज एक आकाश’ म्हणून चित्रांचं प्रदर्शन जाहीर केलंय, आणि आजचंच राहिलं.

१३ मे
टर्पेंटाइनबाईने कानावर हात ठेवले. “अहो, वाऱ्याने पडल्या असतील.” वारा म्हणे! वीस वर्षं वादळं रंगवतेय मी, आणि ही मला वारा शिकवणार! गोगलगाय आणि पोटात पाय.

कालचं आकाश जुन्या स्केचबुकातून उचललं. काळा, बुडाशी फाटलेला ढग. मागे नेहमीसारखं लिहिलं — १२ मे, दुपारी चार. पाहिल्याशिवाय रंगवत नाही असं सगळीकडे मिरवते मी. पण एका दिवसाने काय होतंय? कोण बघायला येतंय!

२ जून
प्रदर्शन. एक बाई त्याच चित्रासमोर अर्धा तास उभी. बाकीच्या चित्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाणी कुठेतरी मुरतंय! शेवटी जवळ आली. “ताई, हे बारा तारखेचंच ना? चारचं? नक्की?”

“डोळ्यांनी पाहिलंय,” म्हणाले. तिने चित्राखालच्या तारखेच्या पाटीचा फोटो काढला. चोराच्या मनात चांदणं — प्रदर्शन संपायच्या आतच घरी निघून आले.

३ जून
टर्पेंटाइनबाईनेच पाठवली असणार.

५ जून
प्रदर्शनातली ती बाई घरी आली. तिचा नवरा क्रेन चालवायचा. बारा मेला दुपारी चारला क्रेन कोसळली, त्यात तो गेला. कंपनी म्हणते, वारा नव्हताच, त्याचाच हलगर्जीपणा. हवामान केंद्र शहराबाहेर, तिथे नोंद नाही. “आता सगळे म्हणतात, वारा होता. पण त्या दिवशी लिहून कोणी ठेवलं नाही, ताई. तुमच्या चित्रावर तेवढं आहे. द्याल साक्षीला?”

बाई बनेल वाटली. माझा ढग पाहून गोष्ट रचली असेल! चित्र द्यावं तर खोटी साक्ष, नाही म्हणावं तर माझं बिंग फुटणार. “बघते,” म्हणाले. तिचा चहा तसाच राहिला.

६ जून
तारीख पडताळायला ही वही उघडली. कुंड्या. इझल. टॉवेल!

वारा आला होता. मी झोपले होते. लाज वाटते.

७ जून
सकाळी खाली जाऊन टर्पेंटाइनबाईची माफी मागितली. दुपारी ही वही त्या बाईच्या हातात देणार. तेरा तारखेचं पान न फाडता.