ब्लॉकने टाकलेली तिसरी गोष्ट

सोमवार, ४ जून
महिनाअखेरीस मला ठेवायचं की हाकलायचं, ते डॉक्टरबाई ठरवणार. जनावरांच्या या दवाखान्यात इलाज न सापडलेला प्राणी मी एकटाच!
काम — मालकांना आठवणीचे मेसेज आपोआप जावेत. यादी फिरवणारा आणि मेसेज पाठवणारा कोड आधीच्या माणसाचा. तो प्रत्येक नोंद माझ्या ब्लॉकच्या, म्हणजे मी लिहिलेल्या कोडच्या तुकड्याच्या, हातात ठेवतो, ब्लॉकने फक्त मजकूर बनवायचा. हातात येणाऱ्या गोष्टींची नावं दोन उभ्या रेघांमध्ये लिहिली — प्राणी, मालक. झालं! लोक उगाच घाबरतात.

मंगळवार, ५
वाट लागली. समोरच्या बेकरीवाल्याला त्याच्या टिपू कुत्र्याबद्दल मेसेज — "प्रिय टिपू, उद्या तुमच्या बेकरीवाले काकांची नसबंदी आहे. उपाशीपोटी आणावे."
काका तडक आले, फोन काउंटरवर आपटला. "उपाशीच आलोय. काप!" बाकावरची माणसं खो-खो हसली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.
ताईला फोन. ती कोड लिहिण्यातलीच. "अरे बैला, तुझी नावं वाचून तो जुना कोड देतो का? तो आधी मालक देतो, मग प्राणी. पहिल्याचं नाव तू 'प्राणी' ठेवलंस, मालक झाला प्राणी! क्रम बघ, क्रम!"

बुधवार, ६
क्रम बदलला. चाललं. पाव मात्र लांबच्या दुकानातून आणतोय.

शुक्रवार, ८
आधीच्या माणसाचा कोड आज नीट वाचला (उजाडलं एकदाचं!). तो दोन नाही, तीन गोष्टी देतो — मालक, प्राणी, आणि प्राणी हयात आहे की नाही!
ताई म्हणाली, "दोनच नावं लिहिलीस ना? मग तिसरी गेली. ब्लॉक जास्तीचं गपचूप टाकून देतो, ओरडत नाही." घुम्या लेकाचा!
लसीचे मेसेज सकाळीच गेलेत. त्यात हयात नसलेला एकच — डॉक्टरबाईंचा स्वतःचा कुत्रा, भुऱ्या. हिवाळ्यात गेला. 

शनिवार, ९
तिसरं नाव लिहिलं. हयात नसेल तर मेसेज नाही. मग थेट डॉक्टरबाईंच्या खोलीत. "चूक माझी होती. दुरुस्त केली. आता भुऱ्याचा मेसेज तुम्हाला कधीच येणार नाही."
"बरं," म्हणाल्या. फोन त्यांच्या हातातच होता, भुऱ्याचा मेसेज उघडलेला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सामान आवरून ठेवलंय.

रविवार, १०
डॉक्टरबाईंचा फोन. "भुऱ्याचा मेसेज मला एकटीला येऊ दे. दरवर्षी. बघशील ना तू?"
दरवर्षी! हो म्हणालो. आणि रडलो — नोकरीसाठी की भुऱ्यासाठी, कोण जाणे.